बतूलचाचींची मान

रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा वाजिद गल्फमध्ये हॉस्पिटलची गाडी चालवायचा, म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर समजायचा! "अम्मी, घाबरायचं काय हाय त्यात? नुसतं पडून राहायचं. मशीन डोक्यातल्या नसांचे फोटो काढते. कापाकापी नाय, काय नाय. चहाला घरी!"

गेलं वर्षभर त्याच्या अम्मीचं, बतूलचाचींचं, डोकं ठणकत होतं. नसेला फुगा आला असेल तर वेळीच कळायला हवं, असं रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. शुक्रवारी वाजिदचं विमान. आईच्या डोक्यात काय आहे ते न कळता तो पाय कसा उचलणार? म्हणून आईला आणि बायकोला, आमनाला, घेऊन त्याने पेणचं स्कॅनिंग सेंटर गाठलं.

चाचींना मशीनमध्ये सरकवलं. धडधड सुरू झाली. मध्येच काचेपलीकडून टेक्निशियन गोरखने माइकवर विचारलं, "चाची, बरं वाटतंय ना? डोकं हलवू नका हां!"

चाचींनी अदबीने मान डोलावली. फोटो वाया गेला!

वाजिदने माइक ओढला. "अम्मी, मान हलवू नको गो!"

"नाय हलवत!" म्हणत चाचींनी मान चांगली दोन्हीकडे हलवली.

"अगं अम्मी!"

"माणूस विचारतो नि मी दगडासारखी पडू? असं वळण नाय लावलं आम्हाला!"

गोरख टेकीला आला. "आता कुणी बोलूच नका," म्हणाला. सगळे गप्प. पाचेक मिनिटं बरी गेली आणि अडचण आली तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा चाचींनी दाबला! सगळे धावले.

"काय होतंय, चाची?"

"मला काय व्हायचंय? तुमचाच आवाज येईना. म्हटलं, मला कोंबून चहाला गेले की काय मेले!"

वाजिदने कपाळ बडवून घेतलं. "हात जोडतो गो तुला!"

शेवटी आमना पुढे झाली. अंगावरचं सगळं सोनं उतरवून आत गेली आणि सासूचे पाय धरून बसली. "अम्मी, कुणी काही विचारलं तर पायाचा अंगठा हलवायचा. तोच जबाब."

हे चाचींना पटलं. गोरखने विचारलं की अंगठा डुलायचा, मान जागच्या जागी. फोटो लख्ख आले!

डॉक्टरांनी पडद्यावर नसांचं जाळं फिरवून फिरवून पाहिलं. "नसा उत्तम आहेत. फुगा नाही, कुठे अडथळा नाही."

वाजिदने वर बघून अल्लाचे आभार मानले. डोळे भरून आले त्याचे. "मग डॉक्टर, दुखतं कशाने?"

"माझं डोकं मला तरी बघू द्या," म्हणत चाचींनी पर्समधून चष्मा काढून लावला.

वाजिद उडालाच! "अम्मी, हा माझा चष्मा! मागल्या सुट्टीत याच्यासाठी अख्खं घर उलथंपालथं केलं मी!"

"तू गेल्यावर गादीखाली गवसला. तुझी आठवण आली की लावते, तेवढाच जिवाला आधार. रोजच येते मेली आठवण."

डॉक्टरांनी चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "चाची, हा लावून तर माझंही डोकं दुखेल!"

ओरडावं की आईच्या गळ्यात पडावं, वाजिदला कळेना. चाची मात्र मशीनच्या खोलीकडे वळून फणकारल्या, "एवढी ढोलासारखी बडबडली, नि साधा चष्मा दिसला नाय होय तिला!"