सत्तार गुरुजींचा एक तास

उघड्या अंगाचं पुस्तक पाहिलं की सत्तार गुरुजींनाच थंडी वाजते. उघड्या अंगाचं म्हणजे कव्हर न घातलेलं. वाटूरजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी नमस्कार व्हायच्या आधीच त्यांनी माझ्या हातातली डायरी काढून घेतली. खाकी कागद कापला, चार घड्या घातल्या, कव्हर चढवलं आणि डायरी परत दिली.

"आधी अंगरखा, मंग वळख," म्हणाले. "हां, आता सांगा. नाव काय तुमचं?"

जूनमध्ये नवी पुस्तकं आली की पहिले दोन दिवस शिकवणं बंद आणि कव्हरांचा कारखाना सुरू. डिंक बिलकुल चालायचा नाही. हजेरीपटाला कव्हर, शिपायाच्या पासबुकाला कव्हर, खडूच्या खोक्यालाही कव्हर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची फाइल त्यांनी चहा येईपर्यंत कव्हर घालून तयार ठेवली. साहेब बिचारे तपासायचं काय ते विसरूनच गेले.

शिकवायचे मराठी. आणि काय शिकवायचे! माझ्या फळ्यावरच्या अक्षरांकडे बघून म्हणायचे, "मॅडम, तुमच्या ओळी बाजाराला निघाल्यावानी चालून राह्यल्या. जरा एकामागं एक चालवा." मला राग यायचा. पण आज माझ्या ओळी सरळ जातात, त्याचं सगळं श्रेय त्यांचं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्या; मुलगा नोकरीसाठी पुण्याला. गुरुजी गावातच राहिले.

यंदा चौथीच्या मुलांना निरनिराळ्या धर्मांची ओळख करून द्यायची ठरली. इस्लामची आणि कुराणाची ओळख करून द्यायला गुरुजींशिवाय दुसरं कोण? मी घरी जाऊन विचारलं. एरवी एका प्रश्नाला चार उत्तरं देणाऱ्या या माणसाने उलट मलाच विचारलं.

"शाळेत? किताब घेऊन?"

"हो."

"नक्की ना, मॅडम?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग दारापर्यंत सोडायला आले तेव्हा तिसऱ्यांदा.

आता घोटाळा झाला तो माझ्यामुळे. मी मुलांना इतकंच सांगितलं होतं, "उद्या शाळेत एक पवित्र ग्रंथ येणार आहे. स्वच्छ होऊन या." आमच्या गावात ग्रंथ येतो तो सप्ताहात, आणि तो कसा आणायचा हे पोरांना पाठ आहे. सकाळी बघते तर फाटकात रांगोळी, दोन्ही बाजूंना लेझीम, वर्गप्रमुख वैष्णवीच्या हातात हळदकुंकवाचं ताट, ताटात झेंडूचा हार, आणि तिच्या मैत्रिणीच्या डोक्यावर ग्रंथासाठी पाट!

तेवढ्यात मोपेडवरून गुरुजी आले. छातीशी हिरव्या कापडात बांधलेलं कुराण. कुराणाला हार घालत नाहीत, कुंकू वाहत नाहीत, इतकं मला ठाऊक होतं. रस्त्यावर एकाने मोबाइल वर केलेलाच होता. गुरुजींच्या कपाळाला एक आठी पडली असती, तर दुपारपर्यंत गावात दोन तट पडले असते.

गुरुजींनी रांगोळीपासून पाटापर्यंत सगळं पाहिलं. मग वैष्णवीसमोर वाकले.

"माय, ही किताब हार घेत न्हाई, कुंकू बी घेत न्हाई. हिला फकस्त धुतलेले हात आन् उघडे कान लागतात. पण एवढा झेंडू वाया कामून घालवायचा? ह्या हमालाला घाला." आणि त्यांनी मान पुढे केली.

लेझीम जी कडाडली! मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात टाकून टाळ्या वाजवल्या.

सगळ्या वर्गाने नळावर हात धुतले. रेहाल नावाच्या लाकडी घडवंचीवर गुरुजींनी कुराण ठेवलं आणि उजवीकडून उघडलं.

"यातला सगळ्यात आधी उतरलेला शब्द हाय 'वाच'," ते म्हणाले. "आता मला सांगा, असं म्हणल्यावर माणूस मास्तर न्हाई होणार तर काय होणार?"

मग अध्यायांची नावं सांगितली: गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, हत्ती. पोरं सरसावून बसली.

"सापाचा धडा न्हाई का?"

"धडा न्हाई, पण साप हाय. मूसा पैगंबरांच्या काठीचा झाल्ता."

मग सुलेमान पैगंबरांची फौज आणि मुंग्यांची गोष्ट. 'घरात शिरा, न्हाई तर तुडवल्या जाल' असं एक मुंगी बाकीच्यांना ओरडून सांगते. ते सुलेमानांना ऐकू येतं, ते हसतात आणि देवाचे आभार मानतात. गोष्ट संपेपर्यंत अर्धा वर्ग बाकांखाली शिरलेला होता.

पोरं प्रश्न विचारत होती आणि गुरुजी दर वेळी मांडीवरच्या एका वहीत डोकावत होते. मी मागून जाऊन पाहिलं. पिवळी पडलेली वही, कव्हर अर्थातच नवं. आत 'मुलांनी विचारल्यास' असं शीर्षक आणि खाली प्रश्न-उत्तरं, शाई जागोजागी वेगळी. पहिल्या पानावर गाव होतं जाफराबाद तालुक्यातलं, त्यांच्या पहिल्या नेमणुकीचं. म्हणजे सगळी नोकरीभर हा माणूस उत्तरं लिहीत आला होता.

वैष्णवीने हात वर केला. "गुरुजी, मंग इतके दिवस कामून न्हाई आणली?"

गुरुजींनी पानं उलटली. हा प्रश्न वहीत नव्हता.

"कुणी विचारलंच न्हाई, माय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती.

मला मान वर करवेना. त्यांच्यासोबत मी नऊ वर्षं काम केलं. दर ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा खाल्ला, वर डबा भरून घरी आणला, त्यात खारका किती घालायच्या तेही भाभींना विचारून लिहून घेतलं. ज्या माणसाने मला मास्तरकी शिकवली, त्याला हे एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

मुलं जेवायला गेली. गुरुजी कुराण कापडात बांधत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "यातला तुमच्या सगळ्यात जवळचा भाग कोणता?"

त्यांनी वही उघडली नाही. मग बांधलेली गाठ सावकाश सोडली.

"हात धुऊन या, मॅडम," ते म्हणाले, "आन् बसा. जरा येळ लागंल."