झाडावरचा चेंडू

अग्निशमन केंद्राच्या गोल्फ क्लबची पहिली अडचण अशी होती, की चेंडू मारला की सगळे त्याच्यामागे धावत सुटत. वीस-वीस वर्षांची सवय. काही पडलं, फुटलं, उडालं की पाय आधी निघायचे आणि डोकं मागून पोचायचं. मैदानाचा म्हातारा माळी पहिल्याच रविवारी ओरडला, "अहो, चाला की जरा! कुठं आग लागलीय?"

तेव्हा आठही जण थबकले आणि खरोखरच चहूकडे बघू लागले.

कल्पना साहेबांची, म्हणजे केंद्राच्या अधिकाऱ्यांची. लाकडाच्या गोदामाला लागलेली मोठी आग दोन्ही पाळ्यांनी मिळून विझवली होती. पण त्यानंतर माणसं एकमेकांवर खेकसू लागली, जेवताना कुणी तोंड उघडेना. शहराबाहेरच्या मैदानवाल्यांनी रविवारची सकाळ मोकळी करून दिली, जुन्या काठ्याही दिल्या. "खेळ संथ आहे," साहेब म्हणाले. "आपल्याला तेच हवंय."

आगीत उंच शिडीवर चढणं हे ज्याचं काम, त्या शिडीवाल्याला त्यात काही रस नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी घरी थांबलं की बायको माळ्यावरचा डबा काढायला सांगे, आणि ते त्याला नको होतं. गोदामाच्या आगीत त्याच्या पायाखालची शिडी वीतभर सरकली होती आणि लगेच थांबलीही होती. खरचटलंसुद्धा नव्हतं. म्हणजे सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. फक्त तेव्हापासून साध्या स्टुलावर चढलं तरी तो दोन्ही हातांनी भिंत धरी.

"कंबर धरलीय," तो घरी सांगे.

"कंबर धरलीय, आणि पाण्याच्या दोन-दोन बादल्या कशा उचलता हो?" बायको विचारी, आणि स्वतःच स्टुलावर चढे.

आगीनंतरच्या चार महिन्यांत कामावर शिडीची वेळ आली नव्हती. ती येऊ नये म्हणून शहराच्या सुखरूपतेची जेवढी काळजी त्याने या चार महिन्यांत केली, तेवढी आधीच्या वीस वर्षांत केली नव्हती.

तिसऱ्या रविवारी त्याने मारलेला चेंडू मैदानाच्या कडेच्या उंच, गच्च पानांच्या झाडात शिरला आणि तिथेच राहिला.

"जाऊ दे," तो घाईने म्हणाला. "दुसरा घेऊ."

"शिडीवाला असून?" बंबाचा ड्रायव्हर हसला. "लोकांच्या मांजरांसाठी चढतोस, आणि स्वतःच्या चेंडूसाठी अंग चोरतोस होय रे?"

हा शब्द नको तिथे लागला. शिडीवाला रागारागाने दहा-बारा हात चढला, फांदीवर मांड ठोकून बसला, चेंडू हातात घेतला, आणि मग त्याने खाली पाहिलं.

"सापडला का?" खालून हाक आली.

"सापडला."

"मग ये की!"

"येतो."

पाच मिनिटं गेली. "अरे, करतोयस काय?"

"मैदान बघतोय. छान दिसतंय इथून."

अर्धा तास त्याने मैदान बघितलं. सात जण झाडाखाली उभे राहून सल्ले देत होते. माळी लांबच्या टोकाला पाणी सोडायला गेला होता. तेवढ्यात फिरायला आलेल्या एका बाईंनी हा घोळका पाहिला, झाडावरचा पांढराफटक चेहरा पाहिला, आणि भल्या मनाने अग्निशमन दलाला फोन केला.

घंटा वाजवत बंब आला. दुसऱ्या पाळीची माणसं टपाटप उतरली आणि खालच्या सात जणांना पाहून जागीच थांबली. साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.  

दुसऱ्या पाळीच्या पैलवानाने शिडी लावली, कमरेचा पट्टा खांद्यावर टाकला आणि वर जाऊन फांदीवर शिडीवाल्याशेजारी बसला. बसला तो बसलाच.

"पट्टा बांध की," शिडीवाला कुजबुजला.

"बांधतो. थांब जरा."

"काय झालं?"

"हळू बोल." पैलवानाच्या कपाळावर घाम डवरला होता. "गोदामात तुझी शिडी खाली मी धरली होती. हात सुटला माझा. तेव्हापासून शिडी दिसली की मी वाट बदलतो. आज कसा चढलो, माझं मला ठाऊक."

शिडीवाल्याने वळून त्याच्याकडे पाहिलं. चार महिने तो स्वतःच्या पायांना दोष देत होता.

"पण परत धरलीस ना?"

"धरली."

"म्हणून तर मी आज इथं आहे."

"इथं म्हणजे झाडावर," पैलवान म्हणाला.

दोघांना हसू फुटलं. फांदी हलली, तसे दोघे एकमेकांना घट्ट बिलगले.

"काय चाललंय?" अगदी कानाशी आवाज आला. पानांतून माळ्याचं डोकं दिसलं. "खाली उतरा की."

"तुम्ही कशावर उभे आहात?" शिडीवाल्याने घाबरून विचारलं.

"जमिनीवर. झाडामागे उंच बांध आहे, फांदी त्याच्यावरच गेलीय. दोन हात सरका आणि पाय सोडा."

दोघे सरकले. पाय सोडले. जमीन होती.

बांधावरून वळसा घालून ते घोळक्याच्या मागे येऊन उभे राहिले, तेव्हा साहेब वर बघून धीर देत होते, "घाबरू नका! खाली अजिबात बघू नका!"

सोमवारी सकाळी शिडीवाला साहेबांसमोर उभा राहिला. रात्री बायकोला सगळं सांगून झालं होतं, त्यामुळे शब्द तयार होते. "साहेब, मला काही दिवस शिडीवर पाठवू नका. भीती वाटते."

साहेबांनी कागदावरच्या तीन रेघांपुढे आणखी एक ओढली. "तू चौथा. पैलवान उजाडतानाच येऊन गेला. मग ड्रायव्हर आला, बंबाच्या आरशात अजून धूर दिसतो म्हणाला."

"आणि तिसरा?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "त्यानंतर तू येईपर्यंत इथं मी एकटाच बसलो होतो," ते म्हणाले.

शिडीवाला खुर्ची ओढून बसला. साहेबांपुढे न विचारता तो पहिल्यांदाच बसत होता.

"मग आता शिडीवर चढायचं कुणी?"

"सगळ्यांनी. आज दुपारपासून, अंगणात. तीन पायऱ्या चढायच्या आणि उतरायचं. उद्या चार."

"आणि धरायची कुणी?"

"तुझी पैलवानच धरणार. त्याने सकाळीच मागून घेतलीय."