पश्चिमेच्या खिडकीचं माप

बायकोला घरी आणायचं असेल तर आधी खिडकीला पडदा आणायला हवा, असं मी एप्रिलअखेर ठरवलं.

रत्नाची बँकेतली बदली धुळ्याला झाल्यापासून ती दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जळगावला येते. मधले दिवस मी मोजतो. (जमीनमोजणीच्या कचेरीत बावीस वर्षं कारकून आहे, दुसरं काही येत नाही.) पण एप्रिलचे दोन्ही शनिवार तिने टाळले.

"आपली बेडरूम म्हणजे भट्टी आहे हो," ती फोनवर म्हणाली. "भाजून घ्यायला अडीच तास बसमध्ये कोण बसणार?"

मला ते लागलं. अजूनही सकाळी हातून चहा दोन कप होतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात.

पडदेवाल्या रोनकच्या दुकानात गेलो. त्याने मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेला पडदा दाखवला. "भाऊ, कप्प्यांत हवा अडकते, ऊन बाहेरच राहतं. माप आतून घेतलं की बाहेरून?"

"आतूनच. एवढ्या उन्हात बाहेर कोण उभं राहील?"

तो चौकटीबद्दल विचारत होता. मी घराच्या आत उभं राहून चौकटीच्या बाहेरचं माप घेतलं होतं.

रंगासाठी रत्नाला अकरा फोटो पाठवले. "कुठलाही घ्या," एवढंच उत्तर आलं. मी फिका निळा घेतला. त्या रंगाची तिची एक साडी इथल्या कपाटात असायची, ती आता धुळ्याला गेली आहे.

पडदा बसवायला रोनकचा माणूस, चुडामण आला. चौकटीत धरून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, पडदा मोठा शे."

मग तो चौकटीच्या बाहेर, खोलीतल्या भिंतीवर ठोकला. त्यात खिडकी झाकली गेली आणि शेजारचा स्विचबोर्डही. म्हणजे दिवा लावायचा तर पडदा वर घ्यायचा, आणि भरदुपारी पडदा वर घेतला की दिवा कशाला लागतो? पण खोली खरोखर गार झाली. मी लगेच फोन केला.

मेच्या दुसऱ्या शनिवारी रत्ना आली. मी शेवभाजी केली होती. दीड महिन्याच्या गप्पा साठवल्या होत्या. शेजारच्या झुलालभाऊंना नात झाली, इथपासून सगळं सांगायचं होतं. शिवाय एक गोष्ट फोनवर सांगता येत नव्हती.

ती बेडरूममध्ये गेली. "अहो, किती गार आहे," म्हणाली, "जरा पाच मिनिटं पडते."

पाच तास झोपली. भाजीवर तेलाचा थर आला. दिवा लावावा तर पडदा वर घ्यावा लागणार, तिला जाग येणार. म्हणून मी तसाच अंधारात तिच्या उशाशी बसलो. तिचा श्वास ऐकू येत होता. इतक्या दिवसांनी घरात दुसरा श्वास होता. शेवटी वाकून हळूच म्हणालो, "रत्ना, तुझ्याशिवाय करमत नाही गं."

"हं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

रविवारी जेवून ती पुन्हा झोपली. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा "हं" म्हणाली.

सोमवारी पहाटे स्टँडवर ती ताजीतवानी दिसत होती. "किती दिवसांनी अशी झोप लागली. आता एकही शनिवार चुकवणार नाही."

मला आभाळ ठेंगणं झालं. बस सुटता सुटता तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं. मी धावलो.

"रोनककडे आवाज अडवणारा पडदा मिळतो का बघा ना," ती म्हणाली. "कुणीतरी कानाशी येऊन पुटपुटत होतं. दोन्ही दिवस झोपमोड झाली."