छप्पर जरा खाली

माणूस या पृथ्वीवर कशासाठी येतो, या प्रश्नाचं उत्तर भल्याभल्यांना सापडलेलं नाही. नेब्रास्कातल्या डॉब्री क्रीक गावच्या लाइल ह्रुष्काला मात्र ते सापडलं होतं. तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलण्यासाठी आला होता.

त्या भागात समोरून येणाऱ्याला कुणी हात करत नाही. हात करणं म्हणजे उतावळेपणा. मूठ स्टिअरिंगवर तशीच ठेवायची आणि पहिलं बोट तेवढं वर करायचं. त्यात नमस्कार, पाऊसपाणी, घरची खुशाली सगळं येतं. लाइल आपल्या जुन्या पिकअपमधून दिवसभर असं बोट उचलत असे, पण ते त्याने हिशेबात धरलेलं नव्हतं. हिशेबात धरायचं बोट ऑगस्टमधल्या मिरवणुकीचं. दर वर्षी गावच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गाडीमागून ग्लेन पॉस्पिशिलची, जुन्या मोटारीची केलेली लालभडक हॉट रॉड यायची, बेकरीसमोर घडीच्या खुर्चीत लाइल बसलेला असायचा, आणि ग्लेन स्टिअरिंगवरून बोट उचलायचा. लाइलही उचलायचा; पण कॉफीच्या कागदी कपावरून. कपावरचं बोट आणि स्टिअरिंगवरचं बोट यांतला फरक ग्लेनला कळत होता, लाइलला कळत होता आणि बहुधा खुर्चीलाही कळत असावा.

त्यातून ग्लेनने ती गाडी ओमाहाहून आयती विकत आणली होती. 'आयती' हा शब्द लाइल अशा आवाजात उच्चारत असे, की शेजारच्या बाईने मुलांना आत बोलवावं. हॉट रॉड घरी करायची असते. जुन्या गाडीचं कवच घ्यायचं, चाकांवरची मडगार्डं काढून टाकायची, आत झेपणार नाही एवढं इंजिन बसवायचं आणि छप्पर कापून खाली आणायचं. हे सगळं आपल्या गॅरेजात, आपल्या हातांनी, आपल्या माणसांना कामाला लावून. लाइलने कंबर कसली.

कवच सासूबाईंच्या गोठ्यात होतं. एकतीस सालची फोर्ड, गवताच्या गठ्ठ्यांमागे उभी. सासरे कैलासवासी एड यांनी ती जन्मभर स्वतः चालवली होती. मिली, म्हणजे सासूबाई, शेजारी बसायच्या आणि वाटेत कुरणाचं फाटक आलं की उतरून उघडायच्या, गाडी गेली की लावायच्या आणि धावत येऊन पुन्हा बसायच्या.

"ने गाडी," मिली म्हणाल्या. "चालवणार कोण?"

"मी," लाइल म्हणाला.

"हं," मिली म्हणाल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

घरात मनुष्यबळ उत्तम होतं. मुलगी डार्सी लिंकनला वेल्डिंग शिकून आली होती. बायको जोडीन बाहेरच्या खोलीत नवरीमुलींचे झगे अंगासरसे करून द्यायची. गाडीच्या गाद्या आणि अस्तर तिच्याकडे. इंजिन एका ठोकलेल्या पिकअपमधलं मिळालं. हिवाळा त्यात गेला, वसंत त्यात गेला, आणि मिली रोज दुपारी जर्दाळू भरलेल्या गोड पावांचं, कोलाचेंचं, ताट घेऊन गॅरेजात येऊन बसू लागल्या. कामाबद्दल त्या काही बोलत नसत. फक्त बघत.

जूनमध्ये गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. लाइल दोन पावलं मागे सरला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "छप्पर खाली आल्याशिवाय खरं नाही. आत्ता ही एखाद्या म्हातारीची गाडी वाटते."

"म्हातारी इथेच बसलीय," मिली म्हणाल्या.

"तसं नाही हो आई."

"किती खाली आणायचं?" जोडीनने विषय बदलला.

"आणू की. तीन-एक इंच."

"तीन-एक?" जोडीनने गळ्यातली टेप काढली. "नवरीचा झगा मी 'तीन-एक' इंच कापला तर तिची आई मला जिवंत सोडेल का? माप अंगावर घ्यायचं असतं. घालणारा आत उभा पाहिजे."

"गाडीत उभं कसं राहायचं?"

"मग बसा. पण कुणीतरी आत बसल्याशिवाय करवत लागणार नाही."

हे सगळ्यांना पटलं, आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. कापलेलं छप्पर कप्पीच्या साखळीवर तोलून धरायचं तर लाइलच हवा. धान्याच्या कोठीवर काम करून त्याचे दंड आणि उंची दोन्ही कोठीसारखी झाली होती. वेल्डिंगची टॉर्च डार्सीच्या हातात. खडू आणि टेप जोडीनकडे. उरलं कोण?

"मी बसते," असं म्हणून मिलींनी ताट खाली ठेवलं, बसायची उशी काखेत घेतली आणि त्या ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"आई, शेजारच्या सीटवर बसलात तरी चालेल."

"शेजारचं माप मला पाठ आहे," मिली म्हणाल्या.

पहिल्यांदा तीन इंच निघाले. तेव्हा कळलं, की पुढचे खांब तिरके आहेत आणि मागचे सरळ. त्यामुळे खाली आलेलं छप्पर पुढे टेकलं आणि मागे लोंबकळलं. ते जुळवायला मागून कापावं लागलं. मागून कापल्यावर पुढचं उंच वाटू लागलं. मग पुढून. प्रत्येक वेळी जोडीन खिडकीतून डोकं आत घालून नवरीमुलीला विचारावं तसं विचारायची.

"कसं वाटतंय अंगावर?"

"ढगळ," मिली म्हणाल्या.

आणखी एक पट्टी निघाली.

"आता?"

"डोक्यावरून वारा जातोय. अजून जरा घे."

"आजी, हाताला स्टिअरिंग येतंय का?" डार्सीने विचारलं.

"उंच पडतं गं. मांडीशी असतं तर बरं."

डार्सीने स्टिअरिंगही खाली घेतलं. लाइल बाहेर साखळी धरून घामाघूम उभा होता, आणि बाहेरून ती गाडी दर पट्टीगणिक देखणी होत चालली होती. छप्पर बसकं, खिडक्या फटीसारख्या, सगळी गाडी कशी दबा धरून बसलेली. "सुंदर," तो प्रत्येक वेळी म्हणाला. "अहाहा. सुंदर." झगा कुणाचा आणि माप कुणाचं, हा प्रश्न एवढी वर्षं शिवणकाम केलेल्या जोडीनलाही सुचला नाही, कारण मिलींच्या अंगावर तो इतका बेतशीर बसला होता.

वेल्डिंग झालं, घासणं झालं, काळा रंग चढला, जोडीनने आतून उभ्याआडव्या टाक्यांचं अस्तर लावलं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी लाइलने दाढी केली, नवा शर्ट घातला आणि पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसायला गेला.

पाय आत गेले. डोकं बाहेर राहिलं. त्याने पाय बाहेर काढून डोकं आत घातलं. आता पाय बाहेर राहिले.



"बाबा," डार्सी म्हणाली, "तू आपल्यात सगळ्यात उंच आहेस, नाही का?"

"मला ठाऊक आहे मी उंच आहे."

"नाही, आपलं सहज."

लाइल खचणाऱ्यातला नव्हता. त्याने पाना आणला, सीट उपटून बाहेर ठेवली आणि गाडीच्या पत्र्यावर बसकण मारली. या वेळी तो बराचसा आत मावला.

"काय दिसतंय?" जोडीनने विचारलं.

"वेगाचा काटा."

"आणि रस्ता?"

"रस्ता नाही दिसत."

"काटा काय म्हणतो?"

"शून्य."

"छपराला भोक पाडू," डार्सी म्हणाली. "डोकं वर काढून चालवायचं. रणगाड्यात असतं तसं."

"माझ्या अस्तराला भोक पाडणाऱ्याने मला आधी सांगावं," जोडीन म्हणाली. "म्हणजे मला त्याला कुठे पाडायचं ते ठरवता येईल."

तेव्हा लाइलने तिरकं जायचं ठरवलं. पाय पेडलांपाशी, कंबर मध्ये, डोकं पलीकडच्या दाराला. श्वास सोडून, खांदा दुमडून, शर्टाची बटणं गमावत तो सरकत गेला, आणि दार खरोखरच लागलं. "बसतंय," आतून आवाज आला. "म्हटलं नव्हतं? बसतंय." मग जरा वेळाने, "जोडीन." मग आणखी जरा वेळाने, "जोडीन, ते स्टिअरिंग कुणी खाली घेतलं?"

स्टिअरिंग पोटात रुतलं होतं. लाइलला ना पुढे जाता येत होतं ना मागे. डार्सीने ओढून पाहिलं, जोडीनने ढकलून पाहिलं. शेवटी डार्सीने अग्निशमन दलाला फोन केला. डॉब्री क्रीकचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच हौशी मंडळी, आणि त्यांचा प्रमुख ग्लेन पॉस्पिशिल.

ग्लेन आला, फटीतून आत वाकला आणि बोट उचलून म्हणाला, "काय लाइल."

लाइलचे दोन्ही हात अडकलेले होते. त्याला बोट उचलता आलं नाही.

"सोपं आहे," ग्लेन म्हणाला. त्याने दलाच्या गाडीतून पत्रा कापायची मोठी कातर काढली. "हा खांब कापला की छप्पर वर निघेल."

"कापायचं नाही," आतून आवाज आला.

"मग तुला आत ठेवायचं?"

"मिरवणूक उद्या आहे. तोवर मी इथेच बरा आहे. जोडीन, जेवण खिडकीतून दे."

"तशा पडल्या पडल्या चालवणार?"

"बघू."

एवढ्यात मिली कोलाचे घेऊन आल्या. त्यांनी ताट ठेवलं, फटीतून एकदा आत बघितलं आणि बाह्या सरसावल्या. "आडवं आलंय," त्या म्हणाल्या. "आधी फिरवायला पाहिजे. जोडीन, गोठ्यातला साबण आण आणि गरम पाणी. कुणी नुसतं ओढायचं नाही, मान अवघडते."

मिलींनी आजवर अडलेल्या गाईंची शेकडो वासरं सोडवली होती, आणि त्यांच्या लेखी यात वेगळं असं काही नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. "खांदा आत घे. तो नाही, दुसरा. ग्लेन, तू पाय धर. कळ आली की ओढ."

"कळ कुणाला?"

"त्याला. तू फक्त पायाकडे लक्ष दे."

"आई, मला कळबिळ काही येत नाहीये," लाइल म्हणाला.

मिलींनी त्याच्या बरगडीत अंगठा खुपसला. लाइल विव्हळला. "ओढ," मिली म्हणाल्या. ग्लेनने जीव खाऊन ओढलं, आतून एक चपचपीत आवाज झाला आणि लाइल, साबणाने माखलेला, गॅरेजच्या फरशीवर येऊन पडला. मिलींनी सवयीने गोणपाटाचा तुकडा घेतला आणि त्याचं नाक पुसलं.

ग्लेन मात्र वाकलेला होता तसाच राहिला.

"काय झालं?" जोडीनने विचारलं.

"कंबर," ग्लेन म्हणाला. पुष्कळ वेळाने, भिंतीला धरून, तो निम्मा सरळ झाला. उद्या क्लच दाबणं तर सोडाच, गाडीत बसणंही जमणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तेवढ्यातही तो गाडीकडे बघत राहिला. "पण देखणी झालीय रे."

"घरी केलीय," लाइल फरशीवरून म्हणाला.

"पण उद्या चालवणार कोण?"

 मग एकेक करून सगळ्यांच्या माना मिलींकडे वळल्या. मिली टॉवेलला हात पुसत होत्या, बोटं एकेक करून, नीट.

"माझं लायसन चालू आहे," त्या म्हणाल्या.

लाइलने रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला त्यातली चांगली बाजू दिसली. आपण नाही, तर आपलं घर. बोट कुणाचं हे महत्त्वाचं नाही. गाडी कुणाची हे महत्त्वाचं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ग्लेन पॉस्पिशिल खुर्चीत बसलेला असणार होता.

"आई, माझं एकच काम करा," तो मिलींना सीट पुन्हा बसवून देताना म्हणाला. "बेकरीसमोर ग्लेन असेल. त्याच्यासमोरून जाताना बोट उचला. घाई नाही करायची. सावकाश."

"उचलते की."

"मी बसू का तुझ्या शेजारी?" जोडीनने विचारलं.

"नको," मिलींनी उशी ठाकठीक केली. "वाटेत फाटकं नाहीत."

मिरवणूक निघाली. बेकरीसमोर दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीत लाइल, आणि एकीत, पाठीशी दोन उशा घेऊन, ग्लेन. पोलिसांची गाडी गेली. मग लांबून ते इंजिन ऐकू आलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि काळी, बसकी, दबा धरलेली गाडी वळणावरून आली. माईकवरचा माणूस म्हणत होता, "ह्रुष्का कुटुंबाने घरी तयार केलेली." लोक उठून उभे राहिले. लाइलही उभा राहिला. त्याने ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन खुर्चीत होता आणि त्याच्या हातात कागदी कप होता.

गाडी अगदी समोरून, सावकाश गेली. पुढच्या काचेच्या फटीत पांढरे केस आणि चष्मा दिसला. गाडी पुढे निघून गेली.

"उचललं का त्यांनी?" ग्लेनने विचारलं.

लाइलने गाडीमागे मान ताणून पाहिलं. संध्याकाळी, मिली इंजिन बंद करून उतरल्यावर, त्याने विचारलं, "आई, बोट उचललंत?"

"उचललं म्हणजे? सगळ्यांना उचललं. सबंध रस्ताभर."

लाइलने वाकून बाहेरून आत बघितलं. छप्पर मिलींच्या डोक्याला बेतून होतं, खिडकी त्यांच्या डोळ्यांना बेतून होती, आणि स्टिअरिंग मांडीशी होतं. तिथून उचललेलं बोट बाहेरून कुणालाही दिसणं शक्य नव्हतं.