लॉनच्या गाडीला नव्या बॅटऱ्या

लॉनच्या गाडीत नव्या बॅटऱ्या बसल्या त्याच दिवशी विठ्ठलरावांनी राजदीपशेठला शब्द दिला की, वीस दिवस या गाडीत एकही माणूस बसणार नाही.

गाडी म्हणजे मोठे लोक गोल्फच्या मैदानावर चालवतात ती. छप्पर असलेली, सहा जणांची, आवाज न करणारी. राजदीपने दिग्रसच्या बाहेर लग्नाचं लॉन काढलं, तेव्हा फाटकापासून मंडपापर्यंत नवरदेवाला आणायला ती घेतली होती. चालवायला एसटीतून निवृत्त झालेले विठ्ठलराव ठेवले. जुन्या बॅटऱ्या गेल्या, तेव्हा नागपूरच्या मिस्त्रीने सहा नव्या बसवल्या आणि बजावलं, "काका, नवी बॅटरी लगेच पूर्ण ताकद देत नाही. वीस दिवस रोज थोडीच चालवायची, वजन न टाकता. मग चार्जिंगला लावायची आणि फुल होईपर्यंत काढायची नाही. सुरुवातीला ताणली तर कायमची बिघडेल."

"समजलं," विठ्ठलराव म्हणाले. "नव्या गोऱ्ह्याले पहिले रिकाम्याच छकड्याले जुपतात."

"काका, एकविसाव्या दिवशी नाशिकच्या पार्टीचं लग्न आहे," राजदीप म्हणाला. "तोवर कोणालेच बसू देऊ नका. मले पण नाही."

"तुमाले पण नाही," विठ्ठलराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

दोन दिवस त्यांनी गाडी लॉनमध्येच गोल गोल फिरवली. पण जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला कुठेच न जाणारी गाडी चालवणं जमेना. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी आठला आपल्या गावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. फाटा दीड किलोमीटरवर. आठ म्हणजे आठ. फाट्यावरची पोरं ओरडायची, "काका, कंडक्टर कुठी गेला?" विठ्ठलराव लक्ष देत नसत.

चौथ्या दिवशी फाट्यावर सत्यशीलाबाई उभ्या होत्या. या विठ्ठलरावांच्या विहीणबाई. अर्पिता, त्यांची एकुलती एक मुलगी, याच बाईंच्या घरात नांदत होती. विठ्ठलरावांनी हात जोडून पुढे निघून जायचं ठरवलं होतं, पण बाईंनी आपली पिशवी रस्त्याच्या मधोमध ठेवली.

"थांबा न इवाई. दिग्रसलेच चाल्ली मी. गुडघे धरले माहे."

"ईनबाई, हे गाडी सध्या रिकामीच चालवा लागते."

"मंग रिकामीच तं आहे. मी कुठं म्हणलं भरलेली आहे म्हणून?"

नाही म्हणायचं काम विठ्ठलरावांच्या घरात त्यांच्या पत्नी शकुबाई करायच्या. विमावाला असो की मुक्कामाला टेकलेला पाहुणा, त्या दारातूनच त्याला वाटेला लावत आणि विठ्ठलराव आत बसून ऐकत. दोन वर्षांपूर्वी शकुबाई गेल्या, आणि घरात नाही म्हणणारं कोणी उरलं नाही. विहीणबाईंनी पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर बसल्या. विठ्ठलरावांनी लॉनच्या अलीकडे, चिंचेच्या झाडाखाली त्यांना उतरवलं आणि पुढे रिकामी गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई होत्याच, शिवाय तांड्यावरच्या हंसाबाई होत्या.

"विठ्ठलभाऊ, एक सांगा. ईनबाई जड का मी जड?"

कोणतंही उत्तर दिलं तरी मरण होतं, म्हणून विठ्ठलराव स्टेअरिंग पुसू लागले.

"मंग सरका तिकडं," हंसाबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात फाट्यावर आठच्या आधी गर्दी जमू लागली. कोणाला बँकेत जायचं, कोणाला दवाखान्यात. एकीला घेतलं तर दुसरीला कोणत्या तोंडाने सोडायचं? बाराव्या दिवशी गाडीत अकरा जण आणि तुरीचं एक पोतं होतं. नाल्याच्या चढावर गाडी थांबली. काही न सांगता बाया उतरल्या, गाडी वर ढकलली, साड्या झटकल्या आणि पुन्हा चढून बसल्या. मग ते रोजचंच झालं.

राजदीप रोज विचारायचा, "काका, रिकामीच चालवता न?"

"रिकामीच," विठ्ठलराव सांगत, आणि सांगताना बॅटरीतलं पाणी पाहत. बाया उतरल्या की सीटखालचे तुरीचे दाणे ते बोटाने वेचून काढत. घरी शकुबाईंच्या फोटोला उदबत्ती लावताना त्यांनी वर पाहणं सोडलं होतं.

एकविसावा दिवस उजाडला. नवरदेव नाशिकचा, पण नवरी विठ्ठलरावांच्याच गावची सलोनी, तेव्हा सगळा गाव फाट्यावर.

"लग्नालेच चाल्लो, इवाई," विहीणबाई म्हणाल्या. "आज तं नाही म्हणू नका." जणू काही एवढे दिवस ते नाहीच म्हणत आले होते.

तीन फेऱ्या झाल्या. मग चार्जिंगला लावायला गेले, तर तिथे मंडपवाल्याचा पंखा लागलेला. अकरा वाजता बँड वाजायला लागला आणि नवरदेव गाडीत बसला. शेजारी करवली, मागे आई आणि मामा. फाटकापासून मंडपाकडे जरा चढ आहे. त्या चढाच्या मध्यावर गाडी थांबली. आवाज नव्हताच, त्यामुळे बँडवाल्यांना कळलंच नाही. ते वाजवत पुढे निघून गेले.

राजदीप धावत आला. मामा म्हणाले, "बंद पडली वाटतं गाडी?"

"साहेब, वीस दिवस हिच्यात माशी बसू दिली नाही," राजदीप घाम पुसत म्हणाला. "काकांनी लेकरासारखी जपली हिले."

विठ्ठलरावांना वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं. जमीन फाटली नाही. मंडपातून हंसाबाई आल्या, मागून विहीणबाई, त्यांच्या मागून आणखी सहा-सात जणी. हंसाबाईंनी पदर खोचला.

"सरका शेठ. काही झालं नाही इले. रोजच बंद पडते, आमी रोजच ढकलतो."

"रोज?"

"मंग! अकरा जण बसल्यावर चढ चढन का ते?"

राजदीपने विठ्ठलरावांकडे पाहिलं. विठ्ठलरावांनी स्टेअरिंगकडे पाहिलं.

"इवाई, तुमी फकस्त हँडल धरा," विहीणबाई मागून ओरडल्या. "तोंड काहून पाडून राह्यले?"

बायांनी हसत, एकमेकींना कोपरखळ्या मारत गाडी मंडपापर्यंत नेली. नाशिकचं सगळं वऱ्हाड मोबाइल वर धरून उभं होतं. विठ्ठलराव पंगतीला बसले नाहीत. मागच्या दाराने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली राजदीपच्या टेबलावर ठेवली. "शेठ, मी खोटं बोललो. एकदा नाही, रोज."

राजदीपने किल्ली उचलली नाही. "काका, खोटं तं मी पण बोललो. त्या मामाने विचारलं, हे काय आहे म्हणून. मी म्हटलं, इकडची रीत आहे. नवरीकडच्या बाया नवरदेवाले ढकलत आणतात." त्याने फोन पुढे केला. "व्हिडिओ पाहून सकाळपासून तीन फोन आले. पुढच्या तिन्ही पार्ट्यांले ते रीत पाहिजे."

"पण मी आता नीट चार्ज करीन. बॅटऱ्या ताणल्या असल्या तरी तेवढा चढ आरामात चढतीन. बंद नाही पडणार ते."

"पाडा लागन, काका."

तेव्हापासून दर लग्नात विठ्ठलराव फुल चार्ज केलेली गाडी चढाच्या मध्यावर नेतात आणि स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून बंद करतात. बाया येतात, पदर खोचतात, वऱ्हाड मोबाइल काढतं. राजदीपची एकच काळजी होती. ड्रायव्हर खरोखर खजील दिसला पाहिजे, नाहीतर लोकांना पटायचं नाही. तेवढं मात्र विठ्ठलरावांना शिकवावं लागलं नाही.