सासऱ्यांचं इंजिन

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता सासऱ्यांचं इंजिन टेबलावरून फरशीवर पडलं, तेव्हा खोलीत जावयाशिवाय कुणीही नव्हतं. त्यामुळे आळ दुसऱ्या कुणावर घालायची सोय नव्हती.

इंजिन तळहाताएवढं. वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल, पण विजेवर चालणारी. सासऱ्यांनी वरच्या खोलीत भलं मोठं टेबल टाकून त्यावर रूळ, दोन स्टेशनं आणि एक बोगदा उभा केला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या खोलीची किल्ली जावयाच्या हाती कधी पडली नव्हती. ती सोमवारी पडली. सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासूबाईंना घेऊन आठ दिवस थोरल्या मुलीकडे निघाले होते.

"इंजिन बसून राहिलं की तेल गोठतं," सासरे म्हणाले. "रोज दहा मिनिटं चालवायचं. पाच पुढे, पाच मागे. बाकी कशाला हात लावायचा नाही. लिहून घ्या."

जावयानं लिहून घेतलं.

सासरे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. खोटा काटा धरण्यात सगळा जन्म गेला होता. त्यांनी नुसतं "बरं आहात ना?" विचारलं तरी जावयाला आपण काहीतरी दडवतोय असं वाटायचं. आता तर दडवायला खरोखरीचं काहीतरी होतं.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. बारीक वस्तू दिसली की ती आत कशी चालते हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिसऱ्या दिवशी त्यानं दाढांच्या मागचं बघायचा छोटा आरसा आणला आणि बोगद्याच्या तोंडाशी धरला. अंधारात चाकं कशी फिरतात एवढंच त्याला बघायचं होतं. इंजिन बोगद्यातून वेळेवर बाहेर आलं. आरसा वेळेवर बाजूला झाला नाही.

धुराडं तुटलं, पुढचा भाग चेपला, मोटर गप्प झाली. जावई इंजिन रुमालात गुंडाळून आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला आणि हाताशी होतं त्या मसाल्यानं धुराडं चिकटवलं. मसाला कवळीचा होता, म्हणजे गुलाबी.

संध्याकाळी बायकोनं रुमाल उघडला. "अरे, याला हिरड्या कशा आल्या?"

"हसू नकोस. बाबा मला उभा चिरतील."

"काही चिरत नाहीत. दुकानातून नवं आण आणि सरळ सांगून टाक."

"सांगू? बाबांना? तू सांगतेस?"

बायकोनं रुमाल परत गुंडाळला. "मी कशाला? माझ्या हातून पडलं का?"

गुरुवारी सकाळी फोन वाजला तेव्हा जावई वर्कशॉपमध्ये होता. पलीकडे सासरे. "ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं. दुसऱ्याचं महिन्यानं. इंजिन चालवलंत?"

"आत्ताच लावलंय बाबा."

"ऐकवा."

समोर कवळ्या घासून चकचकीत करायचं मशीन होतं. त्यानं ते सुरू केलं आणि फोन जवळ नेला.

"आवाज बदललाय," सासरे म्हणाले. "तेलाचा एक थेंब द्या. एकच."

"एकच देतो बाबा." फोन ठेवल्यावर घाबरून त्यानं मशीनला खरोखरच तेलाचा थेंब दिला.

दुपारी तो खेळण्यातल्या गाड्यांच्या दुकानात पोचला. नशिबानं त्याच बनावटीची दोन इंजिनं तिथं होती. एक खोक्यातलं, करकरीत. दुसरं काचेच्या कपाटात, कुणीतरी वापरून विकलेलं. रंग मळलेला, कडा झिजलेल्या, छपरावर बोटांच्या जागी चकाकी गेलेली. अगदी सासऱ्यांच्यासारखं. ते बघून जावयाला भरून आलं.

"नवं न्या," दुकानदार म्हणाला. "दोन वर्षं बघायला नको."

"बघणार आहेत हो. तीच तर भीती आहे."

"मग जुनं न्या. याची चाकं रुळलेली आहेत. नवं पहिले काही दिवस कुरकुर करतं, नव्या जोड्यासारखं."

जावई दोन्हींपुढे पाऊण तास उभा राहिला. नव्याचा रंग पहिल्याच नजरेत चुगली करेल. जुन्याच्या पोटात काय दुखणं आहे ते देव जाणे. मध्ये एकदा तर दोन्ही घ्यावीत असंही त्याला वाटून गेलं. शेवटी त्यानं जुन्यावर बोट ठेवलं.

"उद्या न्या," दुकानदार म्हणाला. "जरा बघून ठेवतो."

हे वाक्य जावयानं नीट ऐकायला हवं होतं. शुक्रवारी दुकानदारानं अभिमानानं पुडकं सोडलं. आतलं इंजिन आरशासारखं चमकत होतं.

"हे... नवं दिलंत का?"

"छे! तेच ते. काल तुम्ही फार घाबरलेले दिसलात. म्हटलं, माणूस भेट द्यायला नेत असणार. रात्रभर बसून रंग दिला. वापरलेलं म्हणून कुणी नाव ठेवील तर माझ्याकडे पाठवा. वर काही द्यायचं नाही हं!"

इतक्या चांगल्या माणसाला काय बोलणार? जावयानं आभार मानले आणि बाहेर येऊन पायरीवर बसला.

मात्र आता काम त्याच्या हातातलं होतं. तोंडात बाकीचे दात पिवळे असतील तर शेजारचा नवा दात तितकाच पिवळा करून बसवायचा, हीच त्याची रोजीरोटी. शनिवारभर वर्कशॉपचं दार लावून तो इंजिन म्हातारं करत बसला. सासऱ्यांचं तुटलेलं इंजिन शेजारी ठेवून त्यानं एकेक डाग उतरवला. काजळी लावली, कडा घासल्या, आणि रंग टिकावा म्हणून वर कवळीवर देतात तो पातळ लेप दिला. रविवारी सकाळी त्यानं ते रुळावर ठेवलं. पाच मिनिटं पुढे, पाच मागे. बायको खाली वाकून बघत होती.

"मलासुद्धा ओळखू येत नाही," ती म्हणाली. "तू माणूस भयंकर आहेस."

त्याच वेळी खाली दाराची कडी वाजली. सासरे दोन दिवस आधीच परतले होते. थोरल्या मुलीकडची गादी त्यांना मऊ पडत होती.

ते काळा चष्मा लावून तडक वर आले. चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा उघडून इंजिनाकडे वाकले.

"हे काय आहे?" सासरे म्हणाले.

"काय बाबा?"

"हे. इतकं घाण?"

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"चार वर्षं मी याच्याकडे जाळ्यातून बघत होतो म्हणायचं," सासरे म्हणाले. "मला वाटायचं, काय लख्ख ठेवलंय! कुणी बोललं पण नाही. फडकं आणा."

जावयानं फडकं आणलं. आनंदाच्या भरात दोन आणली. सासऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं. खाली सासूबाई पिशव्या उपसत होत्या. जावयानं त्यांना पाणी विचारलं. चहाही टाकला. अकरा वर्षांत आपण होऊन केलेला त्याचा हा पहिला चहा.

दूध उतू जायच्या बेतात असताना वर काहीतरी आपटलं.

"काय पडलं हो?" सासूबाईंनी खालूनच विचारलं.

"काही नाही! पुस्तक!" वरून आवाज आला. तो सासऱ्यांचा वाटत नव्हता.

जावई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. सासरे दाराला पाठ लावून उभे होते. त्यांनी जावयाला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. इंजिन फरशीवर होतं. धुराडं तीन फरश्या पलीकडे.

"एका डोळ्याला अंतर कळत नाही अजून," ते कुजबुजले. "घ्यायला गेलो तर सुळकन निसटलं. एवढं गुळगुळीत कसं झालं होतं कोण जाणे."

जावयानं लेपाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"हिला कळता कामा नये. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हिनं दिलेलं आहे ते. आपल्या पगारातून पैसे साठवून. जावईबापू, दर शुक्रवारी इथं बसून बघते ती. मी काय तोंड दाखवू?" ज्या माणसापुढे दुकानदार चळाचळा कापायचे, तो आता जावयाचा दंड सोडत नव्हता. "दुकानात मिळेल का हो तसलं? नवं घ्यावं की वापरलेलं? तुम्हाला काय वाटतं?"

जिन्यावर सासूबाईंची पावलं वाजली. "चहा वर आणू का हो दोघांना?"

दोघंही एकदम दचकले. जावयानं इंजिन रुमालात गुंडाळून खिशात घातलं. आठवडाभरात त्याचा आवाज पहिल्यांदाच ठाम निघाला.

"नवंच घेऊ बाबा. जुनं दिसेल असं मी करून देतो."

सासरे "बरं" म्हणाले. मग त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा हळूहळू त्याच्याकडे वळवला.