थोरल्याला पोरं झाली

साहेब महिनाभर परगावी निघाले आणि त्यांचे दोन शुगर ग्लायडर पिंजऱ्यासकट कारकुनाच्या घरी आले. कारकुनाचा हेडक्लार्कच्या खुर्चीवर डोळा होता, त्यामुळे नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं. खारीएवढे ते जीव दिवसभर कापडी झोळीत झोपायचे आणि संध्याकाळी पडद्यावरून कपाटावर झेप घ्यायचे. एकाचं नाव थोरला, दुसऱ्याचं धाकटा.

"सख्खे भाऊ आहेत," साहेबांनी बजावलं होतं. "मला प्राण्यांतलं कळतं."

यावर सगळ्या ऑफिसने माना डोलावल्या होत्या. तिथे पगारच मान डोलावण्याचा मिळायचा.

कारकुनाच्या आईने पहिल्याच दिवशी थोरल्याला उताणं धरून पाहिलं.

"अरे, ही बाई आहे."

"आई, साहेब म्हणाले भाऊ आहेत."

"साहेब म्हणाले म्हणून बैल दूध देत नाही. पोटाला कांगारूसारखी पिशवी आहे, बघ."

"साहेबांना माहीत असेल ना ती पिशवी."

"मग विचार त्यांना, भाऊ पिशवी घेऊन कुठल्या बाजाराला निघालाय."

दहा दिवसांत थोरल्याचं पोट सुपारीसारखं टरारलं. कारकुनाने घाबरत साहेबांना फोन लावला. तिकडून हुकूम आला, "लाड बंद करा. अंडं बंद, सफरचंद अर्धं."

"होय साहेब," म्हणून कारकुनाने सफरचंदाची फोड पट्टीने मोजून कापली. आईने ती त्याच्याच तोंडात कोंबली.

"लेकुरवाळीला उपाशी मारणारा साहेब असो नाहीतर सरदार, माझ्या घरात त्याचं चालायचं नाही. सूनबाई, आणखी एक अंडं उकड."

"माझ्या वेळी एकच मिळत होतं," सून पातेल्याला म्हणाली.

"तू कुठे पडद्यावर चढत होतीस?"

तिसऱ्या आठवड्यात कारकून पिंजऱ्यापासून ओरडला. "आई, थोरल्याला पोटातून दुसरी शेपूट फुटलीय."

संध्याकाळपर्यंत तिसरीही फुटली. चार दिवसांनी दोन पिल्लं थोरल्याच्या पाठीला चिकटून जगाकडे डोळे मिटून बघत होती. धाकटा डोक्यावरचं टक्कल मिरवत बाजूला बसला होता. काही न करता कौतुक घेणाऱ्या बापांसारखाच.

"साहेबांना आता काय सांगू?"

"बारशाला बोलाव."

"थट्टा नको. त्यांची चूक झाली असं मी म्हटलं, तर खुर्ची गेली."

"चूक त्यांची आणि खुर्ची तुझी? हा कुठला न्याय?"

"ऑफिसचा."

साहेब परतले ते रविवारी सकाळी थेट घरीच आले. कारकुनाने चहा पुढे केला. साहेबांनी चष्मा लावून पिंजऱ्यात पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कारकून बशी पुसत राहिला. शेवटी आईच पुढे झाली.

"साहेब, तुमच्या थोरल्याला पोरं झाली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत."

साहेबांनी चष्मा काढून त्याची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले, "हे माझे नव्हेत."

"म्हणजे हो?"

"माझे दोघे भाऊ होते. भावांना पोरं होत नाहीत. अर्थात हे ते नव्हेत. तुमच्याकडे बदलले."

एवढ्यात साहेबांचा आवाज ऐकून थोरला उठला, पिंजऱ्याच्या उघड्या दारातून त्याने सरळ साहेबांच्या छातीवर झेप घेतली आणि पोरांसकट त्यांच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसला. बाहेर फक्त नाक.

"वास ओळखतंय हो मालकाचा," आई म्हणाली.

"मुकं जनावर कोणालाही चिकटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी एकेक नखी सोडवून त्याला बाहेर काढलं. मग कारकुनाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

कारकुनाने आईकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, मग खुर्ची आठवून जमिनीकडे पाहिलं.

"होय साहेब. हे ते नव्हेतच."

"नऊ महिने मी पोटात काय वाढवलं, देव जाणे," आई सुनेला म्हणाली. सून पहिल्यांदाच सासूशी पूर्ण सहमत होती.

साहेब पिंजरा तिथेच ठेवून गेले. सोमवारी कारकुनाला हेडक्लार्कची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवरचं पहिलं काम लेखी आलं: साहेबांचे हरवलेले दोन भाऊ शोधून काढणे. त्याने फाईल उघडली, तिला नंबर दिला, मदतीला दोन माणसं नेमली.

रोज संध्याकाळी हेडक्लार्क घरी टेकतो न टेकतो तोच थोरला त्याच्या खांद्यावर येतो, पोरं कॉलरमध्ये शिरतात, धाकटा डोक्यावर.

"लागला का रे भावांचा तपास?" आई सफरचंद चिरता चिरता विचारते.

"चालू आहे," तो म्हणतो, आणि तोंडावर आलेली शेपूट बाजूला करतो.